‘द डॉटर ऑफ टाइम’ वाचून झाल्यावर: वाचकांना हटकून पडणारे प्रश्न

जोसेफीन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ ही कादंबरी १९५१ साली प्रसिद्ध झाली. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ॲलन ग्रँट याच्या मालिकेतली ही पाचवी. ती वाचलेल्या माणसांशी बोलायला बसलं की दोन तट पडतात. एक म्हणतो, या पुस्तकाने माझी इतिहास वाचायची रीतच बदलली. दुसरा म्हणतो, दोनशे पानं एक माणूस खाटेवर पडून बोलतोय, यात रहस्यकथा कुठे आहे? मी ती आजवर तीन वेळा वाचली आणि दर वेळी माझं मत थोडं सरकलं. खाली उत्तरं दिली आहेत ती त्या सरकलेल्या मतासकट. पुस्तकाचा शेवट जिथे उघड होतो, तिथे आधी सांगितलं आहे.

गोष्ट नेमकी काय आहे?

एका गुन्हेगाराचा पाठलाग करताना ग्रँट जमिनीतल्या उघड्या झडपेतून खाली पडतो आणि पाय मोडून घेतो. इस्पितळात उताणा पडून छताच्या भेगा मोजत दिवस काढतोय. उशाशी लोकांनी आणून दिलेल्या नव्या कादंबऱ्यांची चळत आहे, एकही वाचवत नाही. त्याची नटी मैत्रीण मार्टा हॅलार्ड त्याची नस ओळखून आहे. चेहरे वाचणं हा या माणसाचा छंद, म्हणून ती जुन्या व्यक्तिचित्रांच्या छापील प्रतींचं पाकीट घेऊन येते. त्यातल्या एका चेहऱ्यावर ग्रँट अडकतो. न्यायाधीश असेल, किंवा मोठ्या जबाबदारीचा सेनापती, असं त्याला वाटतं. चित्र उलटून पाहतो तर मागे नाव असतं, रिचर्ड तिसरा. आपल्या दोन अल्पवयीन पुतण्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये मारून टाकणारा, शेक्सपिअरने कुबडा खलनायक म्हणून अजरामर केलेला राजा.

आपण खुन्याला न्यायाधीशाच्या जागी बसवलं कसं, हे ग्रँटला सहन होत नाही. मग ब्रेंट कॅराडाइन हा अमेरिकन तरुण ब्रिटिश म्युझियममधून कागद उतरवून आणतो आणि ग्रँट साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या खुनाचा तपास खाटेवरून करतो.

ही रहस्यकथा म्हणायची का? काही घडतच नाही.

तक्रार खरी आहे. कादंबरी त्या एका खोलीच्या बाहेर पडत नाही. प्रेत नाही, पाठलाग नाही, ज्याला अटक करायची तो माणूस कधीच मातीला मिळालेला. पहिल्या वाचनात चाळीसाव्या पानाच्या आसपास मीही पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

पण पोलीस तपासाचा गाभा काय असतो? कोण कुठे होतं, कुणाचा फायदा झाला, साक्षीदाराने स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं, आणि घटनेनंतर कोण कसं वागलं. ग्रँट नेमकं एवढंच करतो. इतिहासकार काय म्हणतात ते बाजूला ठेवून तो हिशेबाच्या वह्या, हुकूम, माफीनामे यांच्याकडे वळतो, कारण ते लिहिणाऱ्याला कुणाला काही पटवून द्यायचं नसतं. ही मजा ज्याला कळली त्याला पुस्तक खाली ठेवता येत नाही. ज्याला धावपळ हवी आहे त्याने ते उचलू नये, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही.

आधीची चार पुस्तकं वाचायलाच हवीत का?

नाही. ‘द मॅन इन द क्यू’ (१९२९), ‘अ शिलिंग फॉर कँडल्स’ (१९३६), ‘द फ्रँचाइज अफेअर’ (१९४८) आणि ‘टू लव्ह अँड बी वाइज’ (१९५०) ही आधीची. सहावं ‘द सिंगिंग सँड्स’ लेखिकेच्या मृत्यूनंतर १९५२ साली आलं. मार्टा आणि ग्रँटचा पोलीस सहकारी सार्जंट विल्यम्स यांची आधी ओळख असेल तर इस्पितळातल्या गप्पा जास्त रंगतात, एवढाच काय तो फरक. ‘फ्रँचाइज अफेअर’मध्ये तर ग्रँट जेमतेम येऊन जातो.

नावांचा गोंधळ होतो. एडवर्ड किती, रिचर्ड किती, एलिझाबेथ किती!

पुस्तक अर्धवट सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथेच गळतात. लेखिकेने ब्रिटिश वाचक डोळ्यांपुढे ठेवला होता. त्याला शाळेत यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांची भांडणं पाठ करावी लागलेली असतात. आपल्याला नाही. तेव्हा सुरुवातीला एवढं डोक्यात पक्कं करून घ्या.

चौथा एडवर्ड हा यॉर्क घराण्याचा राजा, ९ एप्रिल १४८३ रोजी वारला. त्याची बायको एलिझाबेथ वुडव्हिल. दोन मुलगे, बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि नऊ वर्षांचा रिचर्ड, आणि बऱ्याच मुली. थोरल्या मुलीचं नावही एलिझाबेथ. मेलेल्या राजाचा धाकटा भाऊ रिचर्ड हा आधी पुतण्याच्या नावाने कारभार पाहणारा झाला. मग एडवर्डचं वुडव्हिलशी झालेलं लग्नच बेकायदा होतं, त्याआधी त्याने दुसऱ्या बाईला लग्नाचं वचन दिलेलं होतं, असा दावा पुढे आला. मुलं अनौरस ठरली आणि ६ जुलै १४८३ रोजी काकाचा राज्याभिषेक झाला. त्या उन्हाळ्यानंतर मुलं कुणाला दिसली नाहीत. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला. जिंकलेला हेन्री ट्यूडर सातवा हेन्री झाला आणि त्याने पुढच्या जानेवारीत त्याच मुलांच्या थोरल्या बहिणीशी लग्न केलं.

हे एका कागदावर काढून पुस्तकात खूण म्हणून घाला. माझ्या प्रतीत असा कागद आहे, घड्यांवर फाटलाय, पण अजून कामाला येतो. ऐकायला आवडत असेल तर डेरेक जेकोबी यांच्या आवाजातली श्राव्य आवृत्ती सुरेख आहे, मात्र तो कागद तिथेही हाताशी लागेल.

चेहरा बघून माणूस निर्दोष ठरवायचा, हे कसं पटणार?

पटू नयेच. पण आधी चित्र नीट पाहा. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ते आहे. काळी मखमली टोपी, गळ्यात रत्नांचा जड गोफ, गाल किंचित बसलेले, दाढी नाही. उजव्या हाताच्या करंगळीत तो अंगठी घालतोय की काढतोय ते कळत नाही, आणि नजर अंगठीवर नाहीच. कुठेतरी बाजूला, शून्यात. भुवयांच्या मध्ये ताण आहे. पोटाच्या व्रणाने बेजार होणारा, अतिरेकी कर्तव्यदक्ष माणूस असावा, असं ग्रँट म्हणतो.

मग तो खोलीत येईल त्याला चित्र दाखवतो, आणि माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. एका परिचारिकेला यकृताचा रोगी दिसतो. शल्यविशारदाला लहानपणचा पोलिओ दिसतो. मेट्रनला त्या चेहऱ्यात भयंकर वेदना दिसते. सार्जंट विल्यम्सला विचारलं, याला कुठे बसवशील, आरोपीच्या पिंजऱ्यात की न्यायासनावर? तो म्हणतो, न्यायासनावर. प्रत्येकाला आपापला धंदा दिसतोय. माझी खात्री आहे की लेखिकेला हे पुरतं ठाऊक होतं. चेहरा हा पुरावा नव्हे, तो ग्रँटला कुतूहल चिकटवणारा काटा आहे.

तरीही आक्षेप उरतोच. ग्रँट, आणि काही अंशी टे स्वतः, चेहऱ्यावरून स्वभाव वाचता येतो असं मनापासून मानतात. मालिकेतल्या इतर पुस्तकांतही ते दिसतं. त्यातच गॅलरीतलं हे चित्र रिचर्ड समोर बसलेला असताना काढलेलं नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, तो मरून जवळजवळ शंभर वर्षं झाल्यावर, जुन्या चित्रावरून उतरवलेलं आहे. राजघराण्याच्या संग्रहातल्या दुसऱ्या एका चित्राची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा उजवा खांदा मागाहून रंगवून उंच केल्याचं दिसलं. म्हणजे कुंचलासुद्धा साक्ष फिरवतो. ग्रँट कागदांना जेवढा संशयाने तपासतो तेवढा या चित्राला तपासत नाही.

थॉमस मोर तर संत. ग्रँट त्यांच्यावर एवढा का चिडतो?

रिचर्डने पुतणे कसे मारवले, उशीखाली गुदमरवून जिन्याच्या पायथ्याशी कसे पुरवले, ही आज सगळ्यांना माहीत असलेली हकिगत मुख्यतः मोर यांच्याकडून येते. ग्रँट आधी ती प्रत्यक्षदर्शीची साक्ष समजून वाचतो, आणि मग तारीख बघतो. मोर यांचा जन्म १४७८ चा. रिचर्ड मेला तेव्हा ते सात वर्षांचे होते. लहानपणी ते जॉन मॉर्टन यांच्या घरी पोरसवदा सेवक म्हणून राहिले. मॉर्टन हे रिचर्डचे कट्टर वैरी आणि हेन्रीच्या राज्यात मोठ्या पदाला चढलेले. म्हणजे ज्याला शतकानुशतकं साक्षीदार मानलं, तो ऐकीव गोष्ट सांगणारा निघाला, आणि ऐकवणारा विरुद्ध पक्षाचा. तो क्षण वाचताना अंगावर काटा येतो.

पण मोर यांनी हा मजकूर हयातीत छापला नाही, अर्धवटच सोडला. ते इतिहास लिहीत होते की जुलमी सत्तेवरचा धडा, यावर अभ्यासकांचा वाद आहे. ग्रँट त्यांना ज्या तिरसटपणे झटकून टाकतो ते मला हल्ली खटकतं. ऐकीव असणं आणि खोटं असणं यांत फरक आहे, हे पोलिसाला तरी ठाऊक हवं.

‘टोनिपँडी’ म्हणजे काय? आणि वेल्सचे वाचक त्यावर का भडकतात?

पुस्तकातला हा शब्द वाचक कायमचा घेऊन जातात. सगळ्यांना खोटी असल्याचं ठाऊक असूनही कुणी दुरुस्त न केलेली आणि मग दंतकथा बनून गेलेली हकिगत, तिला ग्रँट ‘टोनिपँडी’ म्हणतो. टोनिपँडी हे दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातलं गाव. १९१० साली तिथे खाणकामगारांचा लढा चालू होता. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी सैन्य घालून कामगारांवर गोळ्या झाडवल्या, असं लोक मानतात. ग्रँटच्या मते तसं काहीच नव्हतं. लंडनचे पोलीस गेले, त्यांच्या हातात गुंडाळलेले रेनकोट होते, आणि रक्त सांडलं ते एखाददुसऱ्या फुटलेल्या नाकातून.

आता खरं काय घडलं ते बघू. चर्चिल यांनी निघालेलं सैन्य आधी वाटेत थोपवलं आणि लंडनचे पोलीस पुढे पाठवले, हे बरोबर. टोनिपँडीत गोळीबार झाला नाही, हेही बरोबर. पण ८ नोव्हेंबरच्या चकमकींनंतर सैन्य आलं, जनरल नेव्हिल मॅक्रेडी यांच्या हाताखाली आलं, आणि पुढे कित्येक महिने त्या खोऱ्यात तळ ठोकून होतं. पोलिसांच्या लाठ्यांनी शेकडो माणसं जखमी झाली, सॅम्युअल रेज हा खाणकामगार डोक्याला मार लागून गेला. सैन्याच्या पहाऱ्यामुळे मालकांची बाजू भक्कम झाली आणि कामगार शेवटी हरून कामावर गेले. त्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चर्चिल यांचं नाव ज्या कडवटपणे घेतलं गेलं, त्यामागे हे होतं.

म्हणजे खोट्या इतिहासावर बोट ठेवायला निघालेल्या पुस्तकाने त्याच पानावर एका खऱ्या दुःखाची किंमत ‘एखाददुसरं फुटलेलं नाक’ एवढी केली. वेल्सच्या वाचकाचा राग मला शंभर टक्के रास्त वाटतो. दुसऱ्या वाचनाच्या वेळी हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, फसवलं गेल्यासारखं. मग जाणवलं की ही चूक पकडायची हत्यारं मला याच पुस्तकाने दिली होती. कोण सांगतंय, कुठून सांगतंय, त्या दिवसाचा कागद काय म्हणतो? हेच प्रश्न ग्रँटच्या तोंडच्या वाक्याला लावले आणि ते वाक्य टिकलं नाही. तेव्हापासून मी हे पुस्तक निकालपत्र म्हणून वाचणं सोडलं आणि उलटतपासणीची तालीम म्हणून वाचू लागलो. तसं ते पहिल्याहून जास्त आवडतं.

स्कॉटलंडच्या विगटाउनमध्ये १६८५ साली दोन स्त्रियांना समुद्राच्या भरतीत खांबाला बांधून बुडवलं, ही हकिगतही ग्रँट अशीच खोडून काढतो. शिक्षा स्थगित केल्याची नोंद आहे हे खरं. ती वेळेत पोचली का, अमलात आली का, यावर आजही वाद आहे. पुस्तकात तो वाद मिटलेला दाखवलाय.

मराठी वाचकाला हे सगळं एवढं ओळखीचं का वाटतं?

कारण आपल्याकडे ‘ध चा मा’ आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांनी ‘धरावे’ लिहिलं होतं, आनंदीबाईंनी ‘ध’ खोडून ‘मा’ केला, ही गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. ती भाषेत जाऊन बसली, वाक्प्रचार झाली. पण ते पत्र कुणी पाहिलं? कारभारातलं पत्र म्हणजे मोडीत असणार. मोडीतला ‘ध’ खाडाखोड दिसू न देता ‘मा’ होतो का? रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोषी धरलं ते राघोबादादांना. मग लोकांच्या तोंडी पहिलं नाव बाईचं कसं आलं? ग्रँट वाचून झाल्यावर हे प्रश्न आपोआप सुचतात.

दुसरं उदाहरण याहून जवळचं आहे. छत्रपती संभाजी महाराजांची बेजबाबदार, व्यसनी राजा अशी प्रतिमा दीर्घकाळ टिकली, तिला मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीने मोठा हातभार लावला. बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. लिहिणारे बाळाजी आवजी चिटणिसांच्या घराण्यातले, आणि बाळाजी आवजींना महाराजांनी देहदंड दिलेला. मोर आणि मॉर्टन यांची जोडी आठवते ना? वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं अस्सल कागद धुंडाळून १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं आणि चित्र पालटलं. ब्रेंट कॅराडाइन कादंबरीत जे थोड्या आठवड्यांत करतो, त्यामागे खऱ्या आयुष्यात केवढा घाम असतो, हे बेंद्र्यांकडे पाहून कळतं.

ग्रँटचा निकाल काय, आणि इतिहासकारांना तो मान्य आहे का? (इथून पुढे शेवट उघड होतो.)

ग्रँट म्हणतो, रिचर्ड निर्दोष, खून सातव्या हेन्रीने करवला. त्याचे मुद्दे असे. मुलं अनौरस ठरवणारा ‘टिट्युलस रेजियस’ हा कायदा पार्लमेंटने १४८४ मध्ये केला, तेव्हा रिचर्डला मुलांपासून धोका उरला नव्हता. हेन्रीने मात्र तो कायदा वाचून न दाखवता रद्द करवला आणि प्रती नष्ट करायला लावल्या, कारण त्याला त्या मुलांच्या बहिणीशी लग्न करायचं होतं. ती औरस ठरली की भाऊही औरस ठरतात, आणि जिवंत असतील तर गादी त्यांची होते. शिवाय मुलांची आई मार्च १४८४ मध्ये चर्चच्या आश्रयातून बाहेर आली आणि मुलींना रिचर्डच्या हवाली केलं. पोटच्या पोरांच्या खुन्याशी आई असं वागेल? आणि ज्याने खून केला असं म्हणतात त्या जेम्स टिरेलला हेन्रीने १४८६ च्या जून आणि जुलैत, अशा दोन वेळा माफी दिली. दुसरी कशासाठी?

पहिल्या वाचनात मी पुरता जिंकलो गेलो होतो. आता विरुद्ध बाजू ऐका.

कायद्याने अनौरस ठरवलेल्याला कायद्यानेच औरस ठरवता येतं, हेन्रीने तेच केलं. गादीवरून उतरवलेला राजा जिवंत असेपर्यंत धोकाच असतो. दुसरा एडवर्ड, दुसरा रिचर्ड, दुसऱ्यांदा गादीवरून उतरवलेला सहावा हेन्री यांच्यापैकी कुणीही पदच्युत झाल्यावर फार काळ जगला नाही. बॉसवर्थनंतर हेन्रीने रिचर्डवर ठेवलेल्या आरोपपत्रात पुतण्यांच्या खुनाचा उल्लेखच नाही, असं पुस्तक म्हणतं. नावं नाहीत हे खरं, पण बालकांचं रक्त सांडल्याचा आरोप त्यात आहे. आणि डोमिनिको मान्चिनी या इटालियन माणसाची साक्ष पुस्तकात घेतलेलीच नाही. तो १४८३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये होता आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने लिहून ठेवलं. ते हस्तलिखित १९३४ साली फ्रान्समधल्या लील इथे सापडलं आणि १९३६ मध्ये छापलं गेलं, म्हणजे कादंबरीच्या पंधरा वर्षं आधी. तो लिहितो, मुलांना टॉवरच्या आतल्या दालनांत नेलं, गजांआडून आणि खिडक्यांतून ती दिवसेंदिवस कमी दिसू लागली, आणि शेवटी दिसेनाशी झाली. थोरल्याचा वैद्य सांगत होता की मरण जवळ आल्याचं मानून तो रोज पापनिवेदन करतो. बारा वर्षांचा मुलगा. हे वाचल्यावर पुस्तकातला शांत, समंजस रिचर्ड माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यासारखा उभा राहत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न साधा आहे. मुलं जिवंत होती तर अफवा पसरल्यावर रिचर्डने ती बाहेर आणून लोकांना दाखवली का नाहीत? याला ग्रँटकडे समाधानकारक उत्तर नाही. चौथ्या एडवर्डचा विश्वासू सरदार लॉर्ड हेस्टिंग्ज याला १३ जून १४८३ रोजी ज्या घाईने संपवलं, त्या प्रसंगावरूनही तो फार लवकर पुढे सरकतो. बहुतेक इतिहासकार आजही रिचर्डकडेच बोट दाखवतात, मात्र न्यायालयात टिकेल असा पुरावा कुणाविरुद्धच नाही. माझं मत विचाराल तर रिचर्डला माहीत नसताना ती मुलं नाहीशी झाली असतील, हे मला अवघड वाटतं. ट्यूडरांनी त्याचा राक्षस केला, हेही तितकंच खरं.

२०१२ मध्ये सांगाडा सापडला. त्याने पुस्तक खरं ठरलं की खोटं?

दोन्ही नाही. लेस्टर शहरात ग्रेफ्रायर्स या जुन्या मठाच्या जागेवर गाड्या लावायचं मैदान होतं, त्याखाली सप्टेंबर २०१२ मध्ये सांगाडा मिळाला. बहिणीच्या वंशातल्या माणसांशी डीएनए जुळवून तो रिचर्डचाच असल्याचं ४ फेब्रुवारी २०१३ रोजी जाहीर झालं. वय बत्तीस. पाठीचा कणा बाजूला चांगलाच वाकलेला, त्यामुळे उजवा खांदा थोडा उंच दिसत असणार. कुबड नव्हतं, वाळलेला हातही नव्हता. मरणाच्या वेळच्या अकरा जखमा, त्यांतल्या नऊ कवटीवर. २६ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याचं सन्मानाने दफन झालं.

शेक्सपिअरचा विद्रूप राजा खोटा होता, पण तो अगदी हवेतूनही आलेला नव्हता. पुतण्यांविषयी मात्र हाडं काही बोलत नाहीत. टॉवरमध्ये १६७४ साली जिन्याखाली मिळालेल्या, आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत ठेवलेल्या मुलांच्या हाडांची तपासणी १९३३ मध्ये झाली होती, पण ती डीएनएच्या आधीच्या काळातली.

परिचारिकांना ‘बुटकी’ आणि ‘धिप्पाड’ अशी नावं ठेवणं आज खटकतं.

मलाही खटकतं. त्या दोघींना नावं आहेत, इंगहम आणि डॅरल, पण ग्रँट मनात टोपणनावंच वापरतो. कामवाल्या बाईकडे बघण्यातही जिव्हाळा आणि वरचढपणा एकत्र आहेत. लेखिकेच्या काळाचं आणि वर्गाचं ते वळण आहे असं म्हणून सोडून देता येतं, पण ज्या पुस्तकाचा विषयच ‘माणसाबद्दल चटकन मत बनवू नका’ हा आहे, त्यात ते जास्त टोचतं.

लेखिका एवढी अनोळखी का राहिली?

जोसेफीन टे हे टोपणनाव. मूळ नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश, जन्म १८९६, स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसचा. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. गॉर्डन डॅव्हिएट या पुरुषी नावाने नाटकं लिहिली. त्यांतलं दुसऱ्या रिचर्डवरचं नाटक नट जॉन गिलगुड यांनी गाजवलं. मुलाखती, सभासमारंभ टाळत. १३ फेब्रुवारी १९५२ रोजी, हे पुस्तक येऊन वर्षही झालेलं नसताना, त्या गेल्या. आजारी असल्याचं जवळच्यांनाही फारसं ठाऊक नव्हतं. खाटेला खिळलेल्या माणसाची कादंबरी त्यांनी तेव्हा लिहिली, हे कळल्यावर छताच्या भेगांची ती पहिली पानं मला वेगळी वाटू लागली.

ब्रिटिश रहस्यलेखकांनी हिला पहिला क्रमांक दिला. तेवढी ती मोठी आहे का?

१९९० साली क्राइम रायटर्स असोसिएशनच्या शंभर कादंबऱ्यांच्या यादीत ती पहिली आली, आणि १९९५ च्या अमेरिकन यादीत चौथी. निव्वळ रहस्याची घडण बघितली तर तिच्याहून सरस पुस्तकं आहेत, टे यांचीच ‘फ्रँचाइज अफेअर’ मला जास्त बांधेसूद वाटते. पण वाचकाला उठवून ग्रंथालयात पाठवणारी रहस्यकथा मला दुसरी माहीत नाही. रिचर्डची बाजू मांडणारी संस्था १९२४ पासून होती, पन्नासच्या दशकात तिच्यात नवा जीव आला, आणि त्यात या पुस्तकाच्या वाचकांचा वाटा मोठा होता.

शेवटी ब्रेंटचा हिरमोड होतो तो भाग एवढा टोचतो का?

कारण त्याला वाटत असतं की आपण जगाला नवं सांगणार. आणि मग कळतं, जॉर्ज बक यांनी सतराव्या शतकात हे लिहून ठेवलंय, होरेस वॉलपोल यांनी १७६८ मध्ये, क्लेमंट्स मार्कहॅम यांनी १९०६ मध्ये. दर वेळी कुणीतरी सांगितलं आणि शाळेची पुस्तकं होती तशीच राहिली. संशोधनाच्या वाटेला गेलेल्या प्रत्येकाला ब्रेंटचा तो पडलेला चेहरा ओळखता येईल. ग्रँट त्याची समजूत काढतो, ती जागा मी इथे सांगत नाही, ती वाचायलाच हवी.

त्यानंतर एक छोटा प्रसंग येतो. ग्रँट घरी निघालाय. ज्या परिचारिकेला पहिल्या दिवशी त्या चेहऱ्यात नुसतं बिघडलेलं यकृत दिसलं होतं, आणि मधल्या सगळ्या दिवसांत जी ‘खुनी तो खुनीच’ म्हणत आली, ती इंगहम चित्र उचलून खिडकीजवळ उजेडात धरते. जरा वेळ बघत राहते. मग म्हणते, नीट पाहिलं तर तसा बरा चेहरा आहे, नाही का?